दोन शिक्क्यांमधले तेरा महिने

माझे माहेर निपाणीजवळचे. आमच्या घरी ‘सीमा’ हा शब्द लहानपणापासून एकाच अर्थाने कानावर पडत आला. सीमाप्रश्न, सीमाभाग, एक नोव्हेंबरचा काळा दिवस. वडील त्या दिवशी दुकान उघडत नसत. पण रोजच्या व्यवहारात ती सीमा आम्हाला जाणवत नव्हती. दवाखाना, लग्नाचा बस्ता, अंबाबाईचे दर्शन, कॉलेजचा प्रवेश, कशासाठीही एसटीत बसायचे, सीमेवरची कोगनोळी मागे टाकायची आणि तासाभरात कोल्हापुरात उतरायचे. ती ओलांडण्यासाठी एखाद्या माणसाला लेखी परवानगी मागावी लागते आणि न मागता ओलांडली तर तो गुन्हा ठरतो, हे मला २००७ साली लग्न झाल्यावर कळले.

माझे यजमान जन्माने पाकिस्तानचे नागरिक होते. हे ‘होते’ लिहिण्यासाठी त्यांना जवळजवळ सत्तावीस वर्षे थांबावे लागले, आणि त्यातली शेवटची अठरा मी त्यांच्याबरोबर काढली आहेत. मी कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत कर्जविभागात काम करते. कागदांशी माझा रोजचा संबंध आहे, आणि तरीही एका कागदाच्या बाबतीत मी चुकले. ती चूक सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

सिंधमधल्या घोटकी तालुक्यातल्या एका गावात यांचे आजोबा आणि त्यांचे थोरले बंधू मिळून धान्याचे दुकान चालवत असत. फाळणीनंतर थोरले बंधू बायकामुलांना घेऊन कराचीहून बोटीने मुंबईला आले आणि १९४८ मध्ये त्यांना कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत जागा मिळाली. ही छावणी मुळात पोलिश निर्वासितांसाठी उभारलेली होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुले, तिथे राहून गेले. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडे नेले होते, आणि युद्ध संपले तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांची गावे पोलंडच्या नव्या हद्दीबाहेर पडली होती, त्यामुळे परतायचे कुठे हा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा होता. ते गेले आणि त्यांच्या बराकींत सिंधी कुटुंबे आली. तेच आजचे गांधीनगर, जिथे आमच्याकडचे लोक लग्नाचे कापड घ्यायला हमखास जातात. यांच्या चुलत आजोबांच्या घराची मागची भिंत अजूनही त्या बराकीचीच आहे.

धाकटे बंधू, म्हणजे यांचे आजोबा, म्हाताऱ्या आईसाठी मागे राहिले. आईचे झाले की येतो, असे ठरले होते. पण १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवान्याची पद्धत सुरू झाली, आणि पुढे राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने हीच तारीख नागरिकत्वाची रेघ म्हणून धरली. त्याआधी आलेला थोरला भाऊ विशेष काही न करता भारतीय झाला. धाकटा पाकिस्तानी राहिला. पन्नास वर्षांनी, १९९८ च्या डिसेंबरात, खंडणीसाठी एका चुलत्याचे अपहरण होऊन ते पैसे मोजून सुटून आल्यावर, सासरे बायको आणि दोन मुलांसह लाहोरहून समझोता एक्सप्रेसने अटारीला उतरले आणि त्याच बराकीच्या घरी आले. यजमान तेव्हा चौदा वर्षांचे होते. थोरल्या आजोबांचा नातू त्या घरात मतदार होता आणि धाकट्यांचा नातू त्याच घरात ‘परकीय नागरिक’ म्हणून नोंदला गेला.

निर्वासित हा शब्द गांधीनगरात सगळे वापरतात, पण कायद्यात तो नाही. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यापुढे माणसे दोनच प्रकारची होती, नागरिक आणि परकीय, आणि आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच कायद्याच्या नवव्या कलमाने ज्याच्याविषयी प्रश्न निघाला आहे त्याच्यावरच टाकला होता. पाकिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांसाठी सरकारने दीर्घ मुदतीच्या व्हिसाची सोय ठेवली आहे. गांधीनगरात लहान मुलेसुद्धा त्याला ‘एलटीव्ही’ म्हणतात. त्याची मुदतवाढ त्या काळी दरवर्षी करावी लागे. अर्ज, फोटो, पासपोर्टची प्रत, भारतीय जामीनदारांचे हमीपत्र, घरमालकाचे पत्र, पोलिस पडताळणी, मग फाईल मुंबईला, मग दिल्लीला, आणि शेवटी रहिवास परवान्यावर नवा शिक्का. ठरलेले ठिकाण सोडून कुठे जायचे तर आधी परवानगी घ्यायची.

यांचे शालेय शिक्षण इथे मराठी माध्यमात झाले आणि पुढे ते कापडाच्या एका घाऊक दुकानात लागले. मी बी. कॉम. करताना त्याच दुकानात हिशेब लिहायला जात असे. आमच्या घरून विरोध झाला, पण तो जातीवरून झाला. पासपोर्टाविषयी कोणी विचारलेसुद्धा नाही, कारण तो प्रश्न असू शकतो हे कोणाच्या डोक्यातच नव्हते.

सप्टेंबर २००८ मध्ये यांच्या पासपोर्टची मुदत संपत आली. परकीय नागरिकाला व्हिसा हवा तर त्याच्या देशाचा चालू पासपोर्ट हवा. म्हणजे ज्या देशात परत जायचे नाही त्याच देशाकडून, आपण त्याचेच आहोत असा दाखला पुन्हा मागायचा. पासपोर्ट नूतनीकरणासाठी गेला तो कित्येक महिने परतला नाही. त्याच काळात व्हिसाची मुदतही संपत होती. मी असा विचार केला की पासपोर्ट हातात आल्यावरच मुदतवाढीचा अर्ज पूर्ण होईल, अपुरा अर्ज देऊन त्रुटीचा शेरा कशाला ओढवून घ्यायचा. पतसंस्थेत आम्ही अपुरे अर्ज परत करतो, तीच सवय मी इथे लावली. पासपोर्ट पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आला, आम्ही लगेच अर्ज केला, आणि मुदतवाढ मिळाली ती मंजुरीच्या तारखेपासून. जुन्या शिक्क्यावर ३० सप्टेंबर २००८ होते, नव्यावर ३ नोव्हेंबर २००९. त्या दोन तारखांच्या मध्ये, जुलै २००९ मध्ये, आमची मुलगी झाली.

त्या वेळी आम्ही बारशाच्या गडबडीत होतो. त्या मधल्या जागेकडे माझे लक्षही गेले नाही.

२०१० मध्ये यांनी नागरिकत्वासाठी पहिला अर्ज केला, भारतीय नागरिकाशी विवाह आणि सात वर्षांचा रहिवास या आधारावर. पुढच्याच वर्षी माझे वडील गेले. सकाळी आठला फोन आला, दुपारी चारला नेणार होते. परवानगीचा अर्ज देऊन ती हातात येण्याइतका वेळ नव्हता, शिवाय निपाणी कर्नाटकात. नागरिकत्वाची फाईल वर गेलेली असताना विनापरवाना हद्द सोडल्याची नोंद झाली तर सगळेच संपेल, हे यांना कळत होते आणि मलाही. मी मुलीला कडेवर घेऊन एकटी एसटीत बसले. यांनी घरीच डोक्यावरून पाणी घेतले. माहेरच्या लोकांनी ते समजून घेतले असे मी बरीच वर्षे मानत होते, पण धाकट्या भावाने ते समजून घेतले नव्हते. त्याने पुढे सात वर्षे यांच्याशी बोलणे ठेवले नाही.

२०१३ मध्ये अर्ज परत आला. एका ओळीचा शेरा होता आणि त्यात एका कलमाचा उल्लेख होता. तो कागद घेऊन आम्ही एका ज्येष्ठ वकिलांकडे गेलो. त्यांनी रहिवास परवान्याची सगळी पाने शांतपणे चाळली, मग एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. डाव्या टोकाला ३० सप्टेंबर लिहिले, उजव्या टोकाला ३ नोव्हेंबर. नागरिकत्व कायद्यानुसार वैध कागदांवर आलेला परकीय माणूसही मुदत संपल्यावर राहिला तर ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरतो, आणि अशा माणसाला नोंदणीनेही नागरिकत्व मिळत नाही आणि देशीयकरणानेही मिळत नाही, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. आम्ही उठणार तेवढ्यात त्यांनी विचारले, “मुलगी कधीची?”

मी तारीख सांगितली. त्यांनी त्या रेघेवर, उजव्या टोकाच्या जरा अलीकडे, एक ठिपका दिला.

“ताई, ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाचे आई-वडील दोघे भारतीय लागतात. एकच भारतीय असेल तर दुसरा त्या जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. तुम्ही सप्टेंबरात नुसता अर्ज दिला असता आणि त्याची पोच तुमच्याकडे असती, तर मला निदान भांडता आले असते.”

माझ्या आजोबांच्या नावाचा सातबारा आहे, माझे मतदान ओळखपत्र आहे, मुलीच्या जन्माचा दाखला कोल्हापूर महापालिकेचा आहे. पण जन्माचा दाखला जन्म सिद्ध करतो, नागरिकत्व नव्हे. घरी आल्यावर चार वर्षांची मुलगी अंगणात सागरगोटे खेळत होती, आणि मी पहिल्यांदा तिच्याकडे ‘ही कोणाची’ अशा नजरेने पाहिले. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. यांना मी ठिपक्याचा पुरता अर्थ त्या दिवशी सांगितला नाही. दोन दिवसांनी त्यांनीच मला सांगितला. तोपर्यंत त्यांनी कायद्याचे पुस्तक विकत आणले होते.

यानंतरची काही वर्षे मी भराभर सांगते, कारण त्यांत वाट पाहण्यापलीकडे फारसे काही घडले नाही. ७ सप्टेंबर २०१५ च्या अधिसूचनेने, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना मुदतबाह्य राहण्याबद्दलच्या कारवाईतून सूट मिळाली, परंतु नागरिकत्व कायद्यातली व्याख्या तशीच राहिली. डिसेंबर २०१६ मध्ये काही निवडक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जांवर निर्णय घेण्याचे अधिकार देण्यात आले. त्या यादीत ‘गांधीनगर’ हे नाव वाचून आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले, आणि तासाभराने कोणीतरी लक्षात आणून दिले की ते गुजरातचे गांधीनगर आहे. महाराष्ट्रातले मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपूर त्या यादीत होते, कोल्हापूर नव्हते. आमची फाईल पुन्हा मुंबईच्या वाटेला लागली आणि तिथेच राहिली. त्या संध्याकाळी सासूबाईंनी आलेले पेढे परत केले नाहीत, देवापुढे ठेवले आणि तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्यावर उचलले.

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिश्चन लोकांना ‘बेकायदा स्थलांतरित’ या व्याख्येतून वगळण्यात आले. नियम मात्र ११ मार्च २०२४ ला आले. मी आधी नियम वाचले नाहीत, मूळ दुरुस्ती काढून पुन्हा वाचली. त्यातल्या ६ ब या कलमाचे एक वाक्य मला पाठ आहे. असे प्रमाणपत्र मिळालेली व्यक्ती भारतात प्रवेश केल्याच्या दिनांकापासून नागरिक असल्याचे मानले जाईल, असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे डिसेंबर १९९८ पासून. म्हणजे जुलै २००९ मध्ये माझ्या मुलीचा बाप भारतीय होता. वकीलसाहेबांना फोन केला तर ते म्हणाले, “होय. रेघच पुसली जाईल.”

अर्जाला पाकिस्तानातला कोणता तरी कागद लागत होता. पासपोर्ट होताच, पण मागच्या अनुभवाने मी शहाणी झाले होते, एकाऐवजी तीन कागद जोडायचे असे ठरवले. सासूबाईंच्या ट्रंकेतून यांचा घोटकीच्या प्राथमिक शाळेचा दाखला निघाला. तो सिंधीत, अरबी वळणाच्या लिपीत होता, आणि अक्षरे शाईच्या डागांत अर्धी बुडाली होती. यांना ती लिपी चौदाव्या वर्षानंतर कधी लागली नव्हती, ती अडखळत वाचता येत होती. गांधीनगरातली तरुण मुले सिंधी बोलतात, पण ही लिपी त्यांतल्या फारच थोड्यांना वाचता येते. शेवटी नव्वदीला टेकलेले एक आजोबा सापडले. त्यांनी भिंग घेतले, उजवीकडून डावीकडे बोट फिरवत एकेक शब्द मोठ्याने म्हटला, मी तो मराठीत लिहिला, आणि ‘वर्तणूक’ या रकान्यापाशी आल्यावर ते थांबून यांच्याकडे पाहून म्हणाले, “चांगली लिहिली आहे हो तुझी.” नंतर रीतसर भाषांतर, प्रतिज्ञापत्र, नोटरी हे सगळे झाले.

अर्जात भाषेविषयी एक जागा होती. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणती भाषा येते ते लिहायचे होते. यांनी मराठी लिहिले. मुलगी तेव्हा नववी संपवून दहावीत गेली होती, तिने नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून आणून दाखवले की सिंधीही १९६७ पासून त्या अनुसूचीत आहे. सासूबाईंनी तो परिच्छेद तिला दोनदा वाचायला लावला. यांनी दोन्ही भाषा लिहिल्या.

या नव्या पद्धतीत जिल्हा पातळीवरच्या समितीचे काम टपाल खात्याच्या अधीक्षकांकडे आहे, त्यामुळे ज्या माणसाची अख्खी उमर पोलिस कार्यालयाच्या बाकावर गेली त्याला सुनावणीचे बोलावणे टपाल कार्यालयातून आले. सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ कागद तपासले गेले. राज्यघटनेशी निष्ठेची शपथ यांनी उभे राहून वाचली. वाचताना आवाज स्थिर होता, पण डाव्या हाताची बोटे शर्टाच्या शिवणीवरून वर-खाली होत होती, जशी कापड मोजून झाल्यावर काठ तपासताना होतात.

त्यानंतर पुन्हा शांतता. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला हल्ला झाला आणि दोनच दिवसांनी पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द होत असल्याचे जाहीर झाले. पहलगामच्या मृतांत महाराष्ट्रातलेही पर्यटक होते, शहर संतापलेले होते, आणि त्या संतापात आमचेही दुःख होते, पण ते बोलून दाखवण्याची जागा आम्हाला नव्हती. हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील असा खुलासा सरकारने लगेच केला, तरी पहिली रात्र आम्ही जागून काढली. मुलीची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. तिने विचारले, “बाबांना नेले तर मला पण नेतील का?” मी ‘नाही’ म्हणाले. ते म्हणताना मी कायद्याच्या आधाराने बोलत नव्हते.

याच ठिकाणी मावशींविषयी लिहिले पाहिजे. २००७ पासून मुदतवाढीच्या बाकावर आमच्या शेजारी बसणाऱ्या या बाई कोल्हापुरातच जन्मल्या, इथल्याच मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या. ऐंशीच्या दशकात कराचीतल्या मामेभावाशी त्यांचा निकाह झाला, तिथले नागरिकत्व घेतले, नवरा वारला, आधाराला कोणी उरले नाही, आणि त्या भावाकडे परत आल्या. विधवा होऊन परतलेल्या अशा स्त्रियांनाही दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो. “मी हितलीच की गं, कुठनं आले म्हनून काय सांगू त्यास्नी?” असे त्या पहिल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या. एप्रिलमधला तो खुलासा त्यांनी वर्तमानपत्रात वाचला, त्यात ‘हिंदू’ हा शब्द होता, म्हणून आठ दिवस त्यांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. त्यांना कोणी न्यायला आले नाही, पण पिशवी भरली गेली ती गेलीच. ज्या कायद्याने माझे घर वाचवले त्यात मावशींना जागा नाही. त्यांना नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ चा, म्हणजे नोंदणीचा, जुनाच रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर तेरा महिने किती महाग पडतात हे मला माहीत आहे. मला हे अन्यायाचे वाटते. यजमानांनाही वाटते, आणि ते समाजाच्या बैठकीत तसे बोलले तेव्हा दोन माणसे उठून गेली.

ऑगस्ट २०२५ मध्ये एका दुपारी मोबाईलवर संदेश आला आणि पतसंस्थेच्या संगणकावर मी प्रमाणपत्र उघडले. छापून दोन प्रती काढल्या. घरी गेल्यावर यांनी प्रत वाचली, घडी घातली, परत उघडली आणि मुलीच्या हातात दिली. त्या आठवड्यात तिच्या अधिवास आणि राष्ट्रीयत्वाच्या दाखल्याचा अर्ज सेतू केंद्रात भरला. रविवारी निपाणीला गेलो. कोगनोळीला गाडीचा वेग कमी झाला तशी यांनी सवयीने शर्टाच्या खिशात रहिवास परवाना चाचपला. तो घरी होता. भाऊ एसटी स्टँडवर घ्यायला आला होता.

मावशींच्या व्हिसाची मुदत आता संपत आली आहे. त्यांचे भाऊ दोन वर्षांपूर्वी वारले, त्यामुळे जामीनदार नवा हवा होता. आजवर यांच्यासाठी इतर लोक हमीपत्रावर सही करत आले होते, परकीय नागरिकाला दुसऱ्याचा जामीन राहता येत नव्हता. मागच्या सोमवारी यांनी मावशींच्या हमीपत्रावर जामीनदार म्हणून सही केली आणि खाली प्रमाणपत्राचा क्रमांक लिहिला. अर्जदाराच्या जागी मावशींनी मराठीत सही केली. त्यांचा पासपोर्ट अजून नूतनीकरणाहून परत आलेला नाही, अर्ज अपुरा आहे. तरी तो मुदतीच्या दोन महिने आधी दिला आहे, आणि त्याची शिक्क्यासह पोच माझ्याकडे आहे.